रानभाज्यांचं इन्स्टाग्राम पेज कसं सुरू करावं: पहिल्या शेवळापासून पुढे

जूनच्या पहिल्या आठवड्यात कल्याणच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळं, म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणारी एक रानभाजी, घेऊन बसतात. शहरात वाढलेली एखादी मुलगी थांबते, वाटा हातात घेते, परत ठेवते आणि फोन काढते. तिला दोनच गोष्टी हव्या असतात: हे काय आहे, आणि घरी नेऊन करायचं कसं. रानभाज्यांचं पेज काढायचं असेल तर ते या मुलीसाठी काढा. फोटो किती सुंदर आला, फॉलोअर किती वाढले, हे सगळं नंतर. ती बाजारात उभी असताना तिला उत्तर मिळालं आणि तिने तो वाटा विकत घेतला, की पेज कामाला आलं.

मी चार पावसाळे असं पेज चालवते आहे. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहिते. तुमचा विषय खणाची कापडं असेल, देवळांवरची शिल्पं असतील किंवा गावठी बियाणं, तरी पायऱ्या बहुतेक याच राहतील. उदाहरणं मात्र मी रानभाज्यांचीच देईन, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे.

विषय आखून घ्या

"मराठी खाद्यसंस्कृती" हा पेजचा विषय होत नाही, तो फार पसरट आहे. "रानभाज्या" हासुद्धा तसा मोठाच. विदर्भातला तरोटा म्हणजे आमच्याकडचा टाकळा, आणि तिकडची काटवलं म्हणजे इकडची कंटोळी किंवा कर्टुली. शिजवायची रीत जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी. मी ठरवलं, फक्त कल्याण-मुरबाडच्या बाजारात येणाऱ्या भाज्या घ्यायच्या. जी भाजी मी स्वतः विकत घेतली, साफ केली, शिजवली आणि खाल्ली, तीच पेजवर येईल. या एका अटीमुळे विषय आपोआप आखला गेला आणि चुका कमी झाल्या.

आता वहीचं एक पान घ्या, त्यावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर काय मिळतं ते मांडा. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत शेवळं. पाऊस धरला की टाकळा, कुर्डू, फोडशी. जुलै-ऑगस्टमध्ये कंटोळी, बांबूचे कोंब, त्यानंतर भारंगीची फुलं. थंडीत चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला. उन्हाळ्यात मोहाची फुलं, कुड्याची फुलं. ऑगस्टची ओळ भरून वाहते आणि फेब्रुवारीसमोर जागा रिकामी राहते, हे लगेच दिसेल. त्या रिकाम्या महिन्यांत काय द्यायचं हे आत्ताच ठरवा: भाज्या वाळवून ठेवण्याच्या पद्धती, वाचकांच्या आज्यांच्या आठवणी, वर्षभरात आलेल्या प्रश्नांची उत्तरं. सगळ्या महिन्यांचे मिळून तीस विषयही जमले नाहीत तर विषय थोडा रुंद करा.

नाव, बायो आणि खात्याचा प्रकार

इन्स्टाग्रामचं यूजरनेम देवनागरीत घेता येत नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची रेघ एवढंच चालतं, आणि तेही 30 अक्षरांच्या आत. इथे मराठी माणसाची अडचण होते. "रान" मधल्या "आ" ला एक ए की दोन, "भाज्या" च्या शेवटी काय, हे प्रत्येकजण वेगळं लिहितो. मनात आलेलं नाव एखाद्या मावशीला फोनवर सांगा आणि तिला टाइप करायला लावा. पहिल्याच वेळी बरोबर लिहिलं गेलं तर ते नाव ठेवा. आकडे आणि दोन-दोन रेघा टाळा.

देवनागरीची कसर "नाव" या वेगळ्या चौकटीत भरून निघते. ती चौकट शोधात येते, म्हणून तिथे स्वतःचं नाव लिहून ती वाया घालवू नका. "रानभाज्या | कल्याण-मुरबाड" असं विषयाचं नाव देवनागरीत लिहा. हे नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा विचार करून भरा.

बायोला, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या मजकुराला, 150 अक्षरं मिळतात आणि काना, मात्रा, अनुस्वारही त्यात मोजले जातात, त्यामुळे मराठीत जागा लवकर संपते. माझा बायो असा आहे:

कल्याण-मुरबाडच्या बाजारातल्या रानभाज्या
ओळख, साफ करणं, शिजवणं
नाव विचारायचंय? पानाच्या मागचाही फोटो पाठवा

खातं "क्रिएटर" प्रकारचं करा. ते फुकट आहे आणि इनसाइट्स, म्हणजे पोस्ट किती जणांनी बघितली, सेव्ह केली याचे आकडे, दिसतात. बिझनेस खात्यात बरीच लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. पेजसाठी वेगळा ईमेल घ्या आणि पहिल्याच दिवशी टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारण्याची सोय, सुरू करा. खातं हॅक झाल्यावर चार वर्षांची मेहनत परत मिळवणं फार कठीण जातं.

फोटो: एका भाजीचे सहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रानभाजीचा फोटो ओळखण्यासाठी असतो. ताटात सजवलेल्या हिरव्या भाजीचा फोटो कितीही देखणा असला तरी बाजारात उभ्या मुलीला त्याचा उपयोग नाही, कारण शिजल्यावर टाकळा, कुर्डू आणि माठ सारखेच दिसतात.

मी प्रत्येक भाजीचं सहा फोटोंचं कॅरोसेल, म्हणजे एकाच पोस्टमध्ये सरकवून बघायचे फोटो, करते. पहिला, बाजारात दिसते तशी जुडी किंवा वाटा. दुसरा, एकच पान किंवा कोंब, शेजारी चहाचा चमचा, म्हणजे आकार कळतो. तिसरा, पानाची मागची बाजू आणि देठ. चौथा फूल, फळ किंवा मुळाकडचं टोक, जे ओळखीचं असेल ते. पाचव्यात दोन ढीग शेजारी शेजारी, डावीकडे घ्यायचा भाग आणि उजवीकडे टाकायचा. सहावा शिजलेल्या भाजीचा. या सहांमध्ये पाचवा फोटो सर्वांत जास्त सेव्ह होतो. निबर भारंगीचं पान कुठवर खुडायचं, फोडशीचा पांढरा भाग कुठे कापायचा, हे शब्दांत सांगून कळत नाही. दोन ढीग पाहिले की कळतं.

भाजीला तिची स्वतःची एखादी खूण असते, ती पकडा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि अंधार पडला की त्या मिटतात. मी टाकळ्याची एक डहाळी पाण्यात ठेवून दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर टाकळा पुन्हा विसरायला होत नाही.

कॅमेरा फोनचाच पुरे. खिडकीजवळ, पावसाळी ढगाळ उजेडात काढा, ट्यूबलाइट बंद करा. हिरव्या भाजीखाली हिरवं ताट नको. मी जुनी पितळी परात किंवा पांढरं धोतर वापरते. भाजी धुतल्यावर पाणी निथळू द्या, थेंब चमकले तर पानाच्या शिरा दिसत नाहीत. फिल्टर लावू नका. हिरव्याची छटा बदलली की ओळख चुकते, आणि या विषयात चुकीची ओळख पोटात जाते.

फोटो उभा ठेवा, 1080 बाय 1350. जानेवारी 2025 पासून प्रोफाइलच्या जाळीत चौरसाऐवजी उभे चौकोन दिसतात, आणि कडा थोड्या इकडेतिकडे होतात. म्हणून भाजीचं नाव फोटोच्या मध्यभागी घ्या, कडेला नको.

अक्षरांबद्दल थोडं. फोटोवर मराठी लिहायची बरीच ॲप्स रफार आणि पहिली वेलांटी मोडतात. फॉन्ट निवडताना "हरभऱ्याच्या", "कर्टुली" आणि "शिजवा" हे तीन शब्द टाइप करून बघा. तिन्ही धड दिसले तर तो वापरा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि फोनच्या छोट्या पडद्यावरही नीट वाचता येतात. एकदा निवडला की तोच ठेवा.

कॅप्शन, आणि माझी झालेली चूक

कॅप्शनला 2,200 अक्षरं मिळतात, पण वाचणाऱ्याला आधी पहिली ओळ-दीड ओळच दिसते. तिथे "नमस्कार मंडळी, आज आपण" लिहिलं तर भाजीचं नाव खाली लपतं. पहिल्या ओळीत नाव आणि सर्वांत गरजेची गोष्ट द्या.

ही शिस्त मला एका चुकीतून लागली. पहिल्या वर्षी मी शेवळांची कृती टाकली आणि त्यात लिहिलं, "काकड घालून शिजवा." काकड म्हणजे काकडाच्या झाडाची छोटी, हिरवी, आंबट फळं. शेवळं विकणाऱ्या बायकांकडे ती बहुधा शेजारीच ठेवलेली असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने घशाला खाज सुटते. म्हणून आमच्याकडे शेवळं आंबटाशिवाय कुणी शिजवत नाही. दोन दिवसांनी एका वाचक ताईंचा मेसेज आला. त्यांनी काकड म्हणजे काकडी समजून काकडी किसून घातली होती, आणि घरातल्या चौघांचे घसे रात्रभर खाजत होते. त्यात त्यांच्या सासूबाईही होत्या. मी ताईंची माफी मागितली. आमच्या घरात काकड म्हटलं की कुणी दुसरं काही समजत नाही, म्हणून मला तो शब्द समजावून सांगावासाच वाटला नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती.

पोस्ट मी गुपचूप काढून टाकली नाही. कॅप्शन बदललं, वर "दुरुस्ती" असं लिहिलं, तीच गोष्ट कमेंटमध्ये पिन केली आणि स्टोरीतही सांगितली. ज्यांनी आधीच सेव्ह केलं होतं त्यांच्यापर्यंत ते पोचणं गरजेचं होतं. आता ते कॅप्शन असं आहे:

"शेवळं काकडांशिवाय शिजवू नका, घसा खाजतो. काकड म्हणजे काकडी नव्हे, हे चौथ्या फोटोतलं हिरवं आंबट फळ. शेवळ, शेवळं, शेवळा. हाताला तेल लावा. बाहेरची आवरणं सोला. आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाका, पाचवा फोटो बघा. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता. काकडं ठेचून त्यांचं आंबट पाणी घाला आणि पूर्ण शिजू द्या. काकडं मिळाली नाहीत तर चिंच किंवा आमसूल, पण आंबट हवंच. सीकेपी घरांत याचा कणी नावाचा पदार्थ करतात, कोळंबी घालूनही करतात. पहिल्यांदा खाताना थोडंसंच खा."

त्यात भाजीची जितकी नावं माहीत आहेत तितकी लिहिली आहेत ते बघा. लोक आपल्या गावच्या नावाने शोधतात आणि इन्स्टाग्रामचा शोध कॅप्शनमधले शब्द बघतो. कंटोळी, करटोली, कर्टुली, काटवल ही सगळी एका कॅप्शनमध्ये आली की चार जिल्ह्यांतले लोक तिथे येतात. एकदा इंग्रजी अक्षरांतही लिहा, कारण निम्मे लोक मराठी तसंच टाइप करतात. हॅशटॅग तीन ते पाच पुरे, भाजीचं नाव आणि भागाचं नाव. ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटोत काय आहे ते लिहायची, चौकटही भरा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो.

नाव सांगा, पण खायला सांगू नका

पेजची ओळख झाली की डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, फोटो येऊ लागतात: "आमच्या कुंपणाला हे उगवलंय, खाऊ का?" माझा नियम पक्का आहे. नाव काय असावं याचा अंदाज सांगते, पण फोटोवरून "खा" असं कधीच म्हणत नाही. कळलावीसारखी जहाल विषारी वेल त्याच पावसात, त्याच कुंपणावर चढते. कोवळेपणी कितीतरी रोपं एकसारखी दिसतात. जी बाई ती भाजी दरवर्षी खुडते आणि खाते तिला प्रत्यक्ष दाखवा, असंच उत्तर देते. हे उत्तर क्विक रिप्लायमध्ये साठवून ठेवा.

औषधी गुणांबाबतही सांभाळा. "साखर कमी होते", "मुतखडा पडतो" असं लिहिलं की पोस्ट खूप फिरते, आणि कुणीतरी गोळ्या बंद करतं. मी फक्त भाजी म्हणून लिहिते.

ज्यांची भाजी, त्यांची परवानगी

हे ज्ञान माझं नाही. ते विकायला बसणाऱ्या आदिवासी बायकांचं आहे, आणि पेज चालवताना हे रोज लक्षात ठेवावं लागतं. आधी भाजी घ्या, घासाघीस न करता. मग विचारा. पहिल्या वर्षी मी एका मावशींना फोटो काढू का विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, हातांचा काढा. तोंडाचा नको." तेव्हापासून माझ्या पेजवर हातच आहेत: सोलणारे, जुडी बांधणारे, काकडं मोजून देणारे. पोरांचे फोटो मी काढतच नाही. काढलेला फोटो तिथेच दाखवते, आणि पुढच्या खेपेला त्याची प्रत छापून नेते.

लोकेशनमध्ये बाजाराचं गाव लिहा. भाजी रानात कुठे उगवते ती जागा कधीच टाकू नका. एका रीलवरून शनिवारी शहरातल्या गाड्या तिथे पोचल्या आणि कंद उपटून नेले, तर पुढच्या वर्षी त्या मावशींना खुडायला काही उरणार नाही.

रील

टिकटॉकवर बंदी आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै 2020 मध्ये, भारतात रील्स आली. आज नवे लोक बहुतेक तिथूनच येतात, तेव्हा टाळून चालणार नाही. आता तीन मिनिटांचं रीलही चालतं, पण एका रीलमध्ये एकच काम दाखवा आणि ते 30-40 सेकंदांत संपवा: शेवळ सोलणं, कंटोळी चिरणं, भारंगी उकळून पिळणं. फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, वरून फक्त हात आणि विळी दिसू द्या. पहिल्याच सेकंदाला भाजीचं नाव पडद्यावर हवं. मी गाणं लावत नाही. विळीचा आवाज आणि माझं बोलणं पुरतं. तुम्ही घरी जसं बोलता तसंच बोला, बोली लपवू नका. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून प्रत्येक पायरीचे दोन-तीन शब्द पडद्यावर हाताने टाइप करा.

पेज कधी जाहीर करायचं

एप्रिलमध्ये खातं उघडा, मेमध्ये गप्प बसून नऊ पोस्ट तयार करा आणि टाका, मगच लोकांना सांगा. पेजवर आलेल्या माणसाला तीन ओळी भरलेल्या दिसल्या तर तो थांबतो. तीन पोस्ट वर पिन करता येतात. मी खाजऱ्या भाज्यांची सूचना, महिन्यांचा तक्ता आणि नावांचा तक्ता पिन केला आहे.

पहिले पन्नास लोक घरच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून येतील. त्यांना नुसती लिंक न पाठवता त्या आठवड्यात बाजारात आलेल्या भाजीची पोस्ट पाठवा. पावसाळ्यात आठवड्याला तीन पोस्ट, थंडीत एक. बाजारात गेले की लगेच स्टोरी: आज काय आलं, वाटा कितीला. स्टोरी 24 तासांत जाते, म्हणून ती महिन्याच्या नावाने हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या संग्रहात, ठेवा. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. तिथे एक सकाळ घालवलीत तर महिनाभराची सामग्री मिळते आणि विक्रेत्या बायकांशी ओळखीही होतात. ट्रेकच्या किंवा शेतीच्या पेजबरोबर कोलॅब, म्हणजे दोघांच्या नावाची, पोस्ट केली की ती दोघांच्या फॉलोअरना दिसते.

इनसाइट्स महिन्यातून एकदाच बघा. लाइकपेक्षा सेव्ह आणि शेअर बघा. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही 2025 च्या सुरुवातीला सांगितलं होतं की लोक किती वेळ बघतात, लाइक करतात आणि मेसेजमधून दुसऱ्याला पाठवतात, यावर पोस्ट किती पसरेल हे बरंचसं ठरतं. माझा नावांचा तक्ता दिसायला साधा आहे, पण बायका तो बहिणींना पाठवत राहतात.

पैसे आले तर

तेल, मसाले, भांडी यांच्या कंपन्या विचारतील. फुकट आलेली वस्तूही जाहिरातच असते. जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे नियम आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या जानेवारी 2023 च्या सूचना दोन्ही सांगतात की ते स्पष्ट लिहायला हवं. "जाहिरात" हा शब्द मराठीत, पहिल्या ओळीत लिहा, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका. एका देणाऱ्याकडून वर्षभरात 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू आल्या तर त्यावर 10 टक्के टीडीएसची, म्हणजे आधीच कापायच्या कराची, तरतूद जुलै 2022 पासून आहे, तेव्हा आलेल्या वस्तूंची यादी ठेवा. स्वतः लोणचं किंवा वाळवलेली भाजी विकायची असेल तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा. मी विकत नाही. कुणी विचारलं तर बाजाराचा दिवस सांगते.

पावसाळा संपल्यावर

ऑक्टोबरमध्ये दोन कामं. सेटिंग्जमधून खात्याची सगळी माहिती डाउनलोड करून दुसरीकडे साठवा. आणि एका साध्या तक्त्यात प्रत्येक भाजी बाजारात पहिल्यांदा कधी दिसली, शेवटची कधी दिसली, वाटा कितीला होता, हे लिहून काढा. स्टोरींच्या संग्रहात तारखा मिळतात. पुढच्या मे महिन्यात शेवळांची पोस्ट कधी वर आणायची ते हा तक्ता सांगतो. माझ्याकडच्या चार वर्षांच्या तारखांमध्ये दहा-बारा दिवसांचा फरक आहे, त्यामुळे 20 मे उजाडला की मी दर बुधवारी बाजारात एक फेरी मारते.